पहिले अनुदान मिळेल, पण पुढे विकत कोण घेणार?

तुम्ही विचारले ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लक्षात येईल. पुण्यातले तुम्ही तिघे, दोघे बायोमेडिकल इंजिनियर आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतपणानंतर बाईचे किती रक्त गेले हे मोजून धोक्याच्या वेळी आवाज देणारे उपकरण तुम्ही तयार केले आहे. प्रयोगशाळेत रंगीत द्रावण वापरून ते नीट चालते. तुमचा एक मित्र मालावीतल्या जिल्हा रुग्णालयात आहे, म्हणून भारताबरोबर तिथेही ते न्यायचा विचार आहे. प्रश्न असे: अनुदान घ्यावे की गुंतवणूकदार शोधावा? अर्ज इथे करावा की परदेशी संस्थांकडे? रक्कम किती मागावी? आणि ‘इम्पॅक्ट बाँड’, म्हणजे गुंतवणूकदाराने आधी पैसे घालायचे आणि ठरलेला परिणाम दिसला तरच दात्याने ते परताव्यासह फेडायचे, हा प्रकार तुमच्या कामाचा आहे का?

माझी सुरुवात ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये झाली. पुढे माता-बाल आरोग्याच्या प्रकल्पांसाठी प्रस्ताव लिहिले आणि दुसऱ्यांचे प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवरही बसले. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या टप्प्यावर पहिले पैसे मिळणे फारसे अवघड नाही. अनुदान संपल्यावर, पाच-सात वर्षांनी, प्रत्येक बाळंतपणामागे होणारा खर्च कोण उचलणार हे अवघड आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला पहिल्या अर्जापासूनच लागावे लागते.

तुमच्या तीन गोष्टी मला कळलेल्या नाहीत आणि त्यांवर बरेच अवलंबून आहे. तुमची नोंदणी कंपनी म्हणून आहे, ट्रस्ट म्हणून आहे की अजून कुठलीच नाही? उपकरण पुन्हा पुन्हा वापरायचे आहे की दर बाईमागे काही सुटे भाग फेकावे लागतात? आणि ते वापरणार कोण, वैद्यकीय महाविद्यालयातल्या निवासी डॉक्टर की रात्रपाळीला एकटी असलेली स्टाफ नर्स? खाली जिथे याने फरक पडतो तिथे तसे सांगत जाईन.

आधी सुरुवातीच्या पैशांबद्दल. नमुना तयार करून छोट्या प्रमाणावर तपासण्यासाठी भारतात आज वाटा आहेत. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राच्या बायरॅक या संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट ५० लाखांपर्यंत असते. आयआयटी मुंबईतले बेटिक हे केंद्र २०१४ मध्ये राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने उभे राहिले, ते डॉक्टर आणि इंजिनियर यांना एकत्र बसवण्याचेच काम करते. परदेशात ग्रँड चॅलेंजेस कॅनडासारख्या संस्था कमी उत्पन्नाच्या देशांतल्या अशा कल्पनांना बीजनिधी देत आल्या आहेत. २०११ मध्ये अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड, नॉर्वे सरकार, गेट्स फाउंडेशन, जागतिक बँक आणि ही कॅनडाची संस्था यांनी मिळून ‘सेव्हिंग लाइव्ह्ज ॲट बर्थ’ सुरू केले होते. त्यात बीजनिधी अडीच लाख डॉलरपर्यंत आणि पुढच्या टप्प्यासाठी २० लाख डॉलरपर्यंत मिळत असे. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांमध्ये ते नाव अजून सापडेल, पण त्यावर वेळ घालवू नका. यूएसएडचे काम १ जुलै २०२५ ला अधिकृतपणे संपले. त्या पैशांवर चालणारे मोठे प्रकल्पही आता दुसरे दाते शोधताहेत, म्हणजे तुमच्यासारख्या नवख्यांना रांगेत आणखी मागे उभे राहावे लागणार. म्हणून सुरुवात देशातल्या पैशांवर करा.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याच विषयातले उदाहरण घेते, कारण त्याची सुरुवात आपल्या शेजारी बेळगावात झाली. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण बाळंतपणांवर काम केले. बाळंतिणीच्या अंगाखाली पसरायचे प्लास्टिकचे कापड, त्याला खालच्या बाजूला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा, असे अगदी साधे साधन त्यांनी वापरले. लेबर रूममध्ये मॅकिंटॉशवर (खाली अंथरायच्या रबरी कापडावर), चादरीवर आणि किडनी ट्रेमध्ये सांडलेले रक्त नजरेने पाहून ‘असेल दोनशे-अडीचशे मिली’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. त्या पिशवीशी तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज ३३ टक्के कमी निघाला. याच पिशवीने रक्त मोजून २००२ ते २००५ मध्ये तिथे रक्तस्राव टाळण्यासाठीच्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी झाली. १,६२० स्त्रिया, बाळंतपणे एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) करत होत्या, आणि रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पैसा अमेरिकी सरकारच्या बालआरोग्य संशोधन संस्थेचा आणि गेट्स फाउंडेशनचा होता.

मग पिशवी सगळीकडे दिली की झाले, असे वाटेल. युरोपातल्या १३ देशांत ते करून पाहिले गेले. निकाल २०१० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही रुग्णालयांना पिशवी दिली, काहींना दिली नाही, आणि गंभीर रक्तस्रावात म्हणावा असा फरक पडला नाही. मोजमाप सुधारले, पण मोजल्यावर काय करायचे, कोणी करायचे, किती मिनिटांत करायचे, हे होते तसेच राहिले.

तेरा वर्षांनी तीच पिशवी ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत आली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालये आणि दोन लाखांहून अधिक स्त्रिया. बर्मिंगहॅम विद्यापीठाने हे काम चालवले, पैसा गेट्स फाउंडेशनचा. पिशवीने रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि ओळखला की गर्भाशयाचे मालिश, गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला मदत करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन आणि कारणाची तपासणी हे सगळे एकदम सुरू करायचे. ‘आधी हे करून बघू, नाही थांबले तर ते’ अशी वाट बघायची नाही. सामान एका जागी तयार आणि नर्सला डॉक्टरची वाट न पाहता सुरुवात करायची मुभा. गंभीर रक्तस्राव, शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के होते, ते ९३ टक्के झाले. पूर्ण उपचार वेळेत मिळण्याचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पिशवीला नर्सच्या हातांची आणि औषधांची जोड मिळाली तेव्हा फरक पडला.

तुमच्या निधीच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. पहिली गोष्ट, तुमच्या उपकरणाची स्पर्धा नजरेच्या अंदाजाशी उरलेली नाही, या प्लास्टिकच्या पिशवीशी आहे. समितीतला कोणीही जाणकार पहिला प्रश्न हाच विचारेल: पिशवी असताना हे कशाला? उत्तर असू शकते. एका नर्सकडे एकाच वेळी तीन बाया असतील तर पिशवीवरच्या खुणेकडे सतत बघणे तिला जमत नाही, तिथे आवाज देणारे साधन उपयोगी पडेल. दर बाळंतपणामागे प्लास्टिक फेकावे लागत नसेल तर तेही चांगले. पण हे सिद्ध करायला तुमची चाचणी पिशवीशी तुलना करणारी हवी. नजरेच्या अंदाजाशी तुलना करून मिळवलेले सुंदर आकडे आता कोणाला पटणार नाहीत.

दुसरी गोष्ट पैसे कशासाठी मागायचे याची. मी पाहिलेल्या प्रस्तावांत उपकरणाच्या सुधारणेवर बहुतेक रक्कम आणि ‘प्रशिक्षण’ या शीर्षकाखाली शेवटी थोडीशी, अशी मांडणी फार असते. तुम्ही उलटे करा. उपकरण, त्याबरोबरचा औषधांचा संच, नर्सेसचा सराव आणि तो दर काही महिन्यांनी पुन्हा, लेबर रूममध्ये पाठपुरावा करणारी एक अनुभवी परिचारिका, नोंदी ठेवणारी व्यक्ती, बिघाड झाला तर दोन दिवसांत पोचणारा तंत्रज्ञ, या सगळ्याचे मिळून पैसे मागा. रक्कम मोठी दिसेल. अर्जाची कमाल मर्यादा लहान असेल तर रुग्णालयांची संख्या कमी करा, पण हा संच तोडू नका. एकाच उपजिल्हा रुग्णालयात सगळे नीट केलेले काम दहा ठिकाणी नुसती यंत्रे ठेवून आलेल्या कामापेक्षा पुढच्या दात्याला जास्त सांगून जाते. आकडा मी इथून सांगू शकत नाही, तो रुग्णालयात महिन्याला किती बाळंतपणे होतात त्यावर ठरेल. गंभीर रक्तस्राव ही तुलनेने कमी वेळा घडणारी गोष्ट असल्यामुळे चाचणीसाठी फार मोठी संख्या लागते. पहिल्या अनुदानात मृत्यू कमी करून दाखवण्याचे वचन कृपा करून देऊ नका. ‘वेळेत ओळखले का’ आणि ‘ओळखल्यापासून किती मिनिटांत उपचार सुरू झाले’ एवढेच मोजा. ते मोजण्यासारखे आहे आणि तुमच्या आवाक्यातले आहे.

मालावीबद्दल. तिथले एक उदाहरण तुमच्या मित्राला नक्की माहीत असेल. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलने अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाबरोबर नवजात बाळांना श्वासासाठी मदत करणारे स्वस्त बबल सीपॅप यंत्र वापरले. त्याचे नाव पुमानी. श्वासाचा त्रास असलेल्या बाळांमध्ये, नुसता ऑक्सिजन मिळालेल्यांत जगण्याचे प्रमाण ४४ टक्के होते, सीपॅपवर ७१ टक्के. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘सेव्हिंग लाइव्ह्ज ॲट बर्थ’चा पैसा त्यांना मिळाला होता. पण यंत्र जिल्ह्यांत पोचवायचे म्हणजे वीज, ऑक्सिजन, सुटे भाग, दुरुस्ती करणारे हात आणि बदली होऊन येणाऱ्या प्रत्येक नव्या नर्सचे प्रशिक्षण आले. म्हणून त्याच मंडळींनी पुढे नेस्ट३६० नावाने अनेक यंत्रे, तंत्रज्ञांचे शिक्षण आणि नोंदींची पद्धत असा एकत्र कार्यक्रम मालावी, केनिया, टांझानिया आणि नायजेरियात उभा केला, आणि त्यासाठी मॅकआर्थर फाउंडेशनसारख्या दात्यांकडून मोठा, अनेक वर्षांचा निधी घेतला. तुम्ही एकट्याने मालावीत जाण्यापेक्षा अशा चालत्या कार्यक्रमात आपले उपकरण बसते का ते विचारा. परवानग्याही तिथल्या वेगळ्या लागतात. भारतातल्या नैतिक समितीच्या मंजुरीवर तिथे बाईला हात लावता येत नाही, आणि तसेच असायला हवे.

एक इशारा. एका ठिकाणी सिद्ध झालेले दुसरीकडे चालेलच असे धरून चालू नका, दातेही आता तसे धरत नाहीत. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात नवजात बाळाच्या नाळेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावल्यावर नवजात मृत्यू २४ टक्के कमी झाले. हे २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि नेपाळने ‘नाभी मलम’ नावाने ते देशभर नेले. तेच झांबियात आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर मोठ्या चाचण्यांत तपासले तेव्हा मृत्यूंत फरक दिसला नाही. घरच्या बाळंतपणांचे प्रमाण, नाळेला काय लावायची पद्धत आहे, मुळात मृत्युदर किती, हे सगळे निराळे होते. पुणे जिल्ह्यातला तुमचा अनुभव मालावीत तसाच उतरेल हे मालावीतच दाखवावे लागेल, आणि त्याचा स्वतंत्र पैसा लागेल.

आता ‘विकत कोण घेणार’ याकडे येते. भारतात बहुतेक गरीब बायकांचे बाळंतपण सरकारी दवाखान्यात होते आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे तुमचा ग्राहक बाळंतीण नाही, राज्य सरकार आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा जिल्ह्यांच्या आराखड्यांतून राज्याच्या पीआयपीमध्ये (अंमलबजावणी आराखड्यात) आणि तिथून केंद्राच्या मंजुरीला जातो. बहुतेक राज्यांत वाटा केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के. त्या आराखड्यात तुमच्या वस्तूची ओळ नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची कितीही इच्छा असली तरी त्यांच्याकडे खर्चाला शीर्षक नसते. ती ओळ यायला तीन गोष्टी हाताशी हव्यात: दर बाळंतपणामागचा नेमका खर्च, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालचा परवाना, आणि निविदेत लिहिता येतील अशा तांत्रिक अटी. तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. एकच कंपनी बनवते अशी वस्तू घ्यायला खरेदी अधिकारी बिचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, उद्या लेखापरीक्षणात उत्तर त्यांनाच द्यायचे असते. म्हणून पेटंट ठेवायचे की दुसऱ्या उत्पादकांना परवाने द्यायचे हा निर्णय तुमच्या निधीच्या योजनेचाच भाग आहे. खर्चाच्या तुलनेत उपयोग किती हे तपासायला केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून एचटीएइन ही यंत्रणा आहे. तिचे जुने अहवाल वाचा, म्हणजे कोणत्या आकड्यांची मागणी होणार ते आधीच कळेल.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत खरेदी संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएफपीए (लोकसंख्या निधी) किंवा युनिसेफमार्फत होते आणि तिथे किंमत आधी ठरवून घेणारा टिकतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळणारे, उष्णतेत न बिघडणारे कार्बेटोसिन हे औषध त्याचे चांगले उदाहरण आहे. ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश तापमान लागते, वीज गेली की त्याची खात्री राहत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना, फेरिंग ही कंपनी आणि ‘एमएसडी फॉर मदर्स’ (मर्क या औषध कंपनीचा माता-आरोग्य उपक्रम) यांनी दहा देशांत, त्यात भारतही होता, जवळजवळ ३० हजार स्त्रियांवर चाचणी केली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. गरीब देशांच्या सार्वजनिक दवाखान्यांना परवडणाऱ्या किमतीत द्यायची बांधिलकी कंपनीने या भागीदारीतच स्वीकारली होती, आणि नंतरची किंमत एका कुपीला सुमारे ०.३१ डॉलर ठरली. गुंतवणूकदार घ्यायचा विचार असेल तर हे उदाहरण त्याच्यासमोर ठेवा. एवढ्या नफ्यावर तो खूश असेल तर घ्या. त्याला पाच वर्षांत पैसे दुप्पट-तिप्पट हवे असतील तर तुमचे उपकरण हळूहळू खासगी रुग्णालयांसाठी महाग होत जाईल, आणि ज्या बायकांसाठी ते बनवले त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. असे होताना मी जवळून पाहिले आहे, म्हणून कळकळीने सांगते.

पैसा किती वर्षे धरून ठेवावा लागतो याची कल्पना यावी म्हणून गडचिरोलीचे सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने दोन वर्षांच्या प्राथमिक नोंदींनंतर १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. पैसा फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनचा होता. नवजात मृत्यू ६२ टक्के कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. केंद्र सरकारने तो कार्यक्रम आशांमार्फत देशभर घेतला २०११ मध्ये, आशांना एका बाळाच्या भेटींमागे २५० रुपये ठरवून. इतका भक्कम पुरावा असूनही मध्ये एक तप गेले. त्या काळात काम चालू ठेवणारा, पुन्हा पुन्हा दिल्लीला जाऊन समजावणारा आणि आपली माणसे टिकवणारा पैसा कुठल्याच ‘इनोव्हेशन’च्या अर्जात नसतो. तुमच्या योजनेत तो कुठून येणार ते लिहून ठेवा, दोन ओळींत का होईना.

इम्पॅक्ट बाँड तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता नाही. राजस्थानात २०१७ मध्ये जाहीर झालेला ‘उत्कृष्ट’ हा माता-नवजात आरोग्यातला जगातला पहिला असा बाँड. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसे घातले, छोट्या खासगी रुग्णालयांचा दर्जा प्रमाणपत्राच्या पातळीपर्यंत आणला तर ते पैसे परताव्यासह यूएसएड आणि ‘मर्क फॉर मदर्स’ (वरच्या ‘एमएसडी फॉर मदर्स’चेच अमेरिकेतले नाव) देणार, आणि प्रगती त्रयस्थ संस्था तपासणार, अशी रचना होती. जिथे उपाय आधीच सिद्ध आहे आणि तो अनेक ठिकाणी नीट राबवणे एवढेच उरले आहे तिथे हे चालते. करार आणि तपासणी यांचाच खर्च एवढा असतो की नमुन्याच्या टप्प्यावरच्या उपकरणाला तो झेपत नाही.

उरल्या नोंदणीच्या गोष्टी. ट्रस्ट काढून परदेशी निधी घेणार असाल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागेल, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे पुढे देता येत नाही. ‘पैसे आम्ही घेऊ आणि भागीदार रुग्णालयाला देऊ’ ही जुनी पद्धत बंद झाली आहे, तेव्हा कोणाच्या खात्यात काय येणार हे जाणकार सीएबरोबर बसून अर्जाआधीच ठरवा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा पुण्यात मुबलक आहे, पण माझ्या अनुभवात कंपन्यांना फोटोत दिसणारी यंत्रे द्यायला आवडते आणि नर्सच्या पगाराला त्या नाखूश असतात. त्यांच्याकडून यंत्रे आणि औषधांचा संच मागा, माणसांचा खर्च अनुदानातून करा.

मी तुमच्या जागी असते तर पुढचे सहा महिने अर्ज भरण्याआधी एक उपजिल्हा रुग्णालय निवडले असते, तिथल्या मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षकांची लेखी संमती घेतली असती आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला रात्रपाळ्यांना तिथे बसवले असते. तुमचा आवाज देणारा डबा वाजल्यावर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड कपाटात आहे का आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे जरी तिने टिपून आणले तरी प्रस्तावाचा अर्धा मजकूर तयार होईल. तो कच्चा मजकूर इथे टाकलात तर मी जरूर वाचेन आणि खर्चाच्या रकान्यांवर सविस्तर लिहीन.